हुवैशिलच्या गाडीतला चार्जिंग पॉइंट

मस्कतपासून दोन-अडीच तासांवर, वाळवंटाच्या कडेला असलेल्या सिनावच्या बाजारामागे माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. देश सोडून इथे येऊन सव्वीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी एका गाडीचा एकच फ्यूज जितक्या वेळा बदलला, तितक्या वेळा स्वतःच्या चपला बदलल्या नसतील. गाडी हुवैशिल बिन मुहन्नाची, जुनी पांढरी पिकअप, आणि फ्यूज लायटरच्या सॉकेटचा. हुवैशिलने जन्मात सिगारेट ओढली नाही, पण सिगारेट पेटवण्यासाठी गाडीत दिलेल्या त्या भोकावर त्याचं निम्मं आयुष्य चाललं होतं.

त्याचा गोठा आत वाळूत होता. सहा सांडण्या, म्हणजे शर्यतीच्या उंटिणी, लोखंडी पाइपांचं कुंपण, पत्र्याची एक खोली आणि बसायला झावळ्यांचा मांडव. वीज नाही. एक जनरेटर होता, तो मी दोनदा दुरुस्त केला आणि तिसऱ्यांदा हात जोडले. तेव्हापासून जे काही चार्ज व्हायचं ते पिकअपमध्ये. त्याचं स्वतःचं तर व्हायचंच, पण आजूबाजूच्या दहा-बारा गोठ्यांचंही व्हायचं. लग्नाच्या दिवशी नवरदेवाचं दाढीचं मशीन. मास्तरांचा लॅपटॉप, त्यात पोरांच्या परीक्षेचे पेपर. एकदा एक जर्मन जोडपं वाळूत भरकटलं. दोघांचे फोन बंद. हुवैशिलने ते फोन सॉकेटला लावले आणि त्या दोघांना दोन दिवस ठेवून घेतलं. फोन दोन तासांत भरले होते. पण ते जेवल्याशिवाय, मग झोपल्याशिवाय, मग पुन्हा जेवल्याशिवाय निघालेले त्याला चालणार नव्हते. शेवटी बाई रडकुंडीला आली, कारण त्यांचं विमान होतं.

माणूस तसा शिकलेला नाही. बावीस वर्षं तेलाच्या एका कंपनीत पाण्याचा टँकर चालवला. पासपोर्टवर जन्मतारीख एक जानेवारी, त्याच्या वयाच्या सगळ्यांचीच एक जानेवारी आहे. बायको झुवैना सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगा खल्फान मस्कतला विमा कंपनीत कामाला; त्याच्या नावावरून सगळे हुवैशिलला अबू खल्फान, खल्फानचा बाप, म्हणायचे. म्हातारा उंच, वाळका, आणि कोणाला नाही म्हणायची वेळ आली की त्याला खोकला यायचा. नुसता खोकायचा आणि मग हो म्हणायचा.

एकदा डॅशबोर्डमधून धूर येतोय म्हणून गाडी घेऊन आला. मी उघडून बघितलं तर सॉकेटला तीन तोंडांचा अडॅप्टर, आणि फ्यूजच्या जागी च्युइंगमचा चंदेरी कागद गुंडाळून बसवलेला.

"अबू खल्फान, हे काय आहे?"

"फ्यूज उडत होता सारखा. हा उडत नाही."

"हा उडणार नाही, तू उडशील! गाडीसकट!"

"ओरडतोस कशाला? तिघं आले होते चार्जिंगला. एकाला लाव आणि दोघांना बस म्हणू?"

"हो, तसंच म्हणायचं! एका वेळी एकच वस्तू. आणि इंजिन चालू ठेवून, नाहीतर बॅटरी बसेल. या दोन गोष्टी तुझ्या डोक्यात राहिल्या तर मी अख्ख्या बाजारात हलवा वाटीन."

दोन्ही राहिल्या. हलवा मी वाटला नाही, त्याबद्दल तो मला अधूनमधून टोमणे मारायचा. पण तेव्हापासून एका वेळी एकच वस्तू, हा त्याने नियम केला. आणि त्यामुळेच पुढचं सगळं घडलं, म्हणून मला आजही वाटतं की त्या दिवशी तोंड बंद ठेवून जाड वायर बसवून दिली असती तर बरं झालं असतं.

आता शर्यतीचं सांगतो. सांडण्यांवर पूर्वी लहान पोरं बसवायचे, ते बंद झालं, ते बरंच झालं. आता पाठीवर यंत्र बांधतात. मांजराएवढं असतं, अंगात रेशमी सदरा, हातात चाबूक. आत काही मोठी विद्या नाही, ड्रिल मशीनची मोटर आणि ड्रिल मशीनचीच बॅटरी. मालक कडेच्या रस्त्याने गाडीतून सांडणीच्या बरोबरीने जातो, रिमोट दाबला की चाबूक फिरतो. यंत्रात एक छोटा स्पीकरही असतो. मालक वॉकीटॉकीवर ओरडतो, ते सांडणीला थेट कानामागे ऐकू जातं. चाबकापेक्षा आवाज महत्त्वाचा, असं हुवैशिल म्हणायचा. त्याची समहा नावाची सांडणी होती, झुवैनाने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. तिला चाबूक जवळजवळ लागायचाच नाही. हुवैशिलचा आवाज आला की ती मान लांब करायची.

मागच्या ईदच्या आधी हुवैशिल गोठ्यात चक्कर येऊन पडला. साखर उतरली होती. चार तास कुंपणाजवळ पडून होता, कोणाला पत्ता नाही. खल्फान मस्कतहून धावत आला आणि बापाच्या उशाशी बसून म्हणाला, "बाबा, आता पुरे. माझ्या घरी चला. खोली तयार आहे."

"आणि समहा?"

"समहाला बघतील कोणी. तुम्हाला कोण बघणार?"

हुवैशिल खोकला. मग म्हणाला, "हिवाळ्यातली मोठी शर्यत होऊ दे. समहा पहिल्या दहात आली तर मी इथेच राहीन आणि तू हा विषय काढायचा नाहीस. नाही आली तर मी येतो. सामान बांधून, न कुरकुरता."

खल्फानने ते लगेच मान्य केलं. पोरगा वाईट नाही. चार तास पडून राहिलेल्या बापाचं चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं, हे मला त्याने स्वतः सांगितलंय. पण वाळूत जन्मलेल्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर नेणं म्हणजे काय, हेही मला कळत होतं. मी समहाच्या बाजूने होतो.

शर्यतीच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून हुवैशिलबरोबर गेलो. गाडी मी चालवणार, रिमोट आणि वॉकीटॉकी त्याच्याकडे, असं ठरलं होतं. समहाची फेरी दुपारी दोनला. आदल्या संध्याकाळी सरावात यंत्राची बॅटरी पार संपली होती, ती सकाळी मैदानावरच भरायची. दोन-अडीच तासांचं काम. सातला पोचलो, चटई टाकली, कॉफीची किटली मांडली, इंजिन चालू ठेवलं. हुवैशिल यंत्र हातात घेऊन गाडीकडे निघालाच होता, एवढ्यात एक तरुण आला. मुसब्बह नाव, किनाऱ्याकडचा, सहमच्या बाजूचा. ओळख ना पाळख. त्याच्याही काखेत यंत्र.

"सलाम, काका. माझी गाडी वाटेत बंद पडली. चुलतभावाबरोबर आलो, पण त्याच्या गाडीत आधीच त्याची दोन यंत्रं रांगेत आहेत. तुमच्याकडे थोडा वेळ..."

हुवैशिलने आपलं यंत्र पाठीमागे धरलं. खरंच सांगतो, चोरीचा माल लपवावा तसं. आणि न खोकता म्हणाला, "आण इकडे. बस, कॉफी घे."

मुसब्बहचं यंत्र सॉकेटला लागलं. लाल दिवा लागला. पोरगं गुणी होतं, तीन कप कॉफी घेऊन, कप हलवून पुरे म्हणालं, आभार मानले आणि आपल्या सांडणीकडे गेलं.

दहा वाजता दिवा हिरवा झाला.

मी उठलो. हुवैशिल म्हणाला, "कुठे?"

"ते भरलंय. काढतो आणि आपलं लावतो."

"बस खाली."

"अरे, हिरवा दिवा आहे!"

"दिसतोय मला. तो येईल आणि घेऊन जाईल."

"तो येईपर्यंत आपण काय करायचं? बाजूला ठेवतो ना, चटईवर, नीट. तो आला की देऊ."

"पाहुणा जेवत असताना त्याच्यापुढचं ताट तू उचलतोस का, उस्ताद?"

"पाहुणा जेवून केव्हाच झालाय! ढेकर दिलाय त्याने! हिरवा दिवा म्हणजे ढेकरच आहे!"

त्यावर तो हसला, पण बोटाने खाली बस अशी खूण केली. त्यांच्यात पाहुणा स्वतः उठेपर्यंत यजमान हलत नाही, हे मला काय नवीन होतं? पण ते ताटाबद्दल. चार्जरबद्दल हा नियम कोणी केला? हुवैशिलने केला. त्याच्या गाडीला लावलेली वस्तू म्हणजे त्याच्या घरी आलेला माणूस, तो जातो म्हणेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

साडेदहा. अकरा. मी म्हटलं, "मी जाऊन त्याला सांगतो, तुझं झालंय."

"म्हणजे घेऊन जा असं सांगणार. माझ्या चटईवरून माणसाला हाकलणार."

"मग शेजारच्या गाडीत लावून आणतो आपलं."

"आणि त्याने बघितलं तर? आपल्यामुळे म्हाताऱ्याला दारोदार फिरावं लागलं, असं त्याला वाटेल. दुपारी त्याचीही फेरी आहे, आपल्याच फेरीत. त्या पोराने असं मन घेऊन उतरायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मराठीत दोन-तीन शब्द वापरले, ते त्याला सव्वीस वर्षांत चांगले पाठ झालेले आहेत. तो शांतपणे खजुरातल्या बिया काढत बसला. एकदा मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो आणि गाडीच्या दारातून हात आत घातला, तर त्याने मागून येऊन माझं मनगट धरलं. सत्तरीच्या माणसाची पकड एवढी असेल असं मला वाटलं नव्हतं.

"मला मस्कतला जायचं नाहीये, उस्ताद," तो हळू म्हणाला. "तुझ्यापेक्षा मला ते जास्त कळतं. पण हात काढ."

मी हात काढला.

मुसब्बह दुपारच्या नमाजानंतर, जेवून, सव्वा वाजता आला. पुन्हा आभार. पुन्हा कॉफी, पुन्हा तीन कप. हुवैशिल त्याला घाई करणार नव्हताच, उलट जास्तीचा हलवा पुढे करत होता. पोरगा गेला तेव्हा आमच्या यंत्राला पंचवीस मिनिटं मिळाली.

दोनला फेरी सुटली. तेवीस सांडण्या, सहा किलोमीटर. अडथळ्याची दोरी वर गेली आणि धुरळ्यात काही दिसेना. मी गाडी कडेच्या रस्त्याला घातली, आजूबाजूला पन्नास गाड्या, सगळ्यांचे हॉर्न. पहिले तीन किलोमीटर समहा सातवी-आठवी होती. हुवैशिल वॉकीटॉकी तोंडाशी धरून तिच्याशी बोलत होता, ओरडत नव्हता, बोलत होता. "चल माझे आई, चल, झुवैनाची लेक ना तू, चल." ती मान लांब करून पळत होती आणि मला वाटलं, निभावलं.

चौथ्या किलोमीटरला चाबूक हवेतच थांबला. हुवैशिलने रिमोट दाबला, पुन्हा दाबला. स्पीकरही त्याच बॅटरीवर, तोही गेला. समहाने कान फिरवले. सवयीचा आवाज कानामागून एकदम नाहीसा झाला, तिने पळायचं तरी कोणासाठी? ती दुडक्या चालीवर आली. एक पुढे गेली, दोन गेल्या, मग आणखी चार.

हुवैशिलने वॉकीटॉकी सीटवर टाकली, काच खाली केली आणि कमरेपर्यंत बाहेर झुकला. मी एका हाताने त्याचा सदरा धरला, एका हाताने स्टिअरिंग. तो नुसत्या घशाने ओरडत होता. पन्नास गाड्यांच्या हॉर्नमधून तो आवाज तिकडे कसा पोचणार? पण पाचव्या किलोमीटरच्या पुढे तिने तो ऐकला. मान पुन्हा लांब झाली. एकीला मागे टाकलं, दुसरीला टाकलं, तिसरीला टाकलं. शेवटी हुवैशिलच्या घशातून हवा तेवढी येत होती, शब्द नाही.

अकरावी आली. दहावीच्या आणि तिच्यामध्ये एका मानेचं अंतर होतं. मुसब्बहची सांडणी चौथी. तो आलाच नसता तर समहा पहिल्या दहात असती, हा हिशेब मी केला. हुवैशिलने केलेला मला दिसला नाही.

खल्फान शेवटच्या रेषेपाशी उभा होता. बाप गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. "बाबा, यंत्र बंद पडलं ना? मग हे धरायचं नाही. पुढच्या महिन्यात परत शर्यत आहे, तेव्हा बघू."

हुवैशिलचा आवाज बसला होता. "दहा म्हणालो होतो," तो कसंबसं म्हणाला. "यंत्राचं काही बोललो नव्हतो."

इथे गप्प बसलो असतो तर आजची गोष्ट वेगळी असती. पण तेवढ्यात मुसब्बह आला, चौथ्या नंबरच्या आनंदात, आणि निरागसपणे विचारलं, "काका, तुमचं यंत्र बिघडलं का? मी बघू?"

"बिघडलं नाही, उपाशी होतं!" मी म्हणालो. एवढ्याने थांबलो नाही. "तुझं दहा वाजता भरलं होतं. दहा वाजता! सव्वातीन तास तुझा हिरवा दिवा जळत होता आणि हा म्हातारा आपलं यंत्र पाठीमागे लपवून बसला होता. कारण तू पाहुणा! आता यांना गोठा सोडून मस्कतला जावं लागणार. झालं समाधान? घे अजून तीन कप कॉफी!"

मुसब्बहचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे नाही, हुवैशिलकडे बघत होता. "काका, मी बारा वाजताच येणार होतो. पण म्हटलं, लवकर मागायला आलो तर यांना वाटेल याचा आपल्यावर विश्वास नाही. तुम्ही बोलवाल म्हणून थांबलो." त्याने हुवैशिलचं डोकं चुंबलं, दोनदा, आणि तिथेच उभा राहिला. लोक जमायला लागले होते.

"काही नाही रे," हुवैशिल त्याच्या पाठीवर थाप मारत होता. "हा उस्ताद उन्हाने असा होतो. काही नाही. तुझी सांडणी फार छान पळाली."

परतीच्या वाटेवर तो पंधरा किलोमीटर यंत्राच्या सदऱ्यावरची वाळू झटकत होता. मग समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, "मी त्याला एक गोष्ट दिली होती. तू ती चारचौघांत परत घेतलीस."

"मी खरं बोललो."

"खरं मलाही माहीत होतं. मी बोललो का?"

मला तेव्हा रागच आला. आपण ज्याच्यासाठी भांडलो, तोच आपल्याला बोलतो, असं वाटलं. दुकानापाशी उतरलो आणि दार जरा जोरातच लावलं.

पुढच्या आठवड्यात तो खल्फानबरोबर मस्कतला गेला. सांडण्या बहिणीच्या मुलांनी नेल्या, समहासकट. पिकअप विकली. खल्फान अगदी काकुळतीला येऊन म्हणत होता, बाबा, राहा हवं तर, मी विषय काढणार नाही. पण शब्द त्याने घेतला नव्हता, बापाने दिला होता. तो कुरकुरला नाही म्हणे. सामान एका पेटीत बसलं. जाताना तो माझ्या दुकानावरून गेला असणार, दुसरा रस्ताच नाही.

दीड महिना मी फोन केला नाही. मग न राहवून एका शुक्रवारी मस्कतला गेलो. वाटभर मनात भांडण जुळवत होतो, म्हाताऱ्याला काय काय सुनवायचं ते. दार त्यानेच उघडलं. धुतलेला पांढरा झगा, डोक्याला नवं फडकं, तब्येत खरोखर सुधारलेली.

"या, उस्ताद, या," तो म्हणाला. "बसा. वाटेत त्रास नाही ना झाला?"

त्याने मला बैठकीत वरच्या जागी बसवलं. खजूर पुढे केला, मग हलवा. माझी तब्येत विचारली, घरच्यांची विचारली, दुकान कसं चाललंय ते विचारलं, सगळं क्रमाने. मग डाव्या हातात किटली आणि उजव्या हातात कप घेऊन माझ्यासाठी कॉफी ओतली आणि वाकून दिली. सव्वीस वर्षांत त्याने मला कधी 'या, बसा' म्हटलं नव्हतं, कधी कॉफी ओतून दिली नव्हती. मी आपला त्याच्या किटलीला हात घालायचो आणि तो मागून ओरडायचा की मला ठेव जरा, मेल्या, सगळी तूच ढोसतोस.

"घ्या ना," तो म्हणाला.

मी घेतली. भांडण घशाखाली गेलं ते गेलंच. दुसरा कप दिला, तो घेतला, तिसरा दिला, तोही घेतला. मग कप हलवून पुरे म्हणालो आणि उठलो. त्याने आग्रह केला, जेवून जा म्हणाला, आणि मी नाही म्हणाल्यावर लिफ्टपर्यंत पोचवायला आला. दार बंद होईपर्यंत छातीवर हात ठेवून उभा होता. तिसऱ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत मला रडू आवरलं नाही.